धाकट्याला कोण धरणार?

पत्र :

मावशी, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. नवरा हिंजवडीत नोकरीला. त्याच्या ऑफिसमधले एक जण दरवर्षी मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला स्कीइंगला जातात. त्यांचे व्हिडिओ बघून यंदा नाताळात आपणही गुलमर्गला जायचंच, असं त्यानं ठरवून टाकलंय. पाच दिवस. वर्ष संपायच्या आत त्याच्या सुट्ट्या संपवायच्यात. 'आईला बरोबर घेऊ, ती धाकट्याला सांभाळेल, आपण तिघं स्कीइंग करू,' असं त्याचं म्हणणं. सासूबाई ६७ वर्षांच्या, ब्लडप्रेशरची गोळी चालू. त्या म्हणतात, 'मी कशाला, तुम्ही जा,' पण रात्री फोनवर दल लेकचे व्हिडिओ बघत असतात. माझी आई म्हणते, एवढ्याशा पोरांना बर्फात नेणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. शिवाय पहलगामनंतर आमच्याकडे काश्मीरचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. कपडे काय घ्यायचे? कितव्या वर्षी शिकवतात? श्वासाचा त्रास होतो का? नाताळ बरा की मे? औली बरं की गुलमर्ग? की मुलं मोठी होईपर्यंत थांबू?

— धास्तावलेली, कोथरूड

उत्तर :

जा. पण नाताळात नको, पाच दिवसांसाठी नको, आणि सासूबाईंना आया म्हणून तर मुळीच नको.

तुझ्या पत्रात सहा प्रश्न आहेत, मी मोजले. खरा प्रश्न त्या सहांत नाहीच. तो तुझ्या नवऱ्याच्या एका वाक्यात दडलाय : 'आपण तिघं स्कीइंग करू.' लहान मुलं घेऊन बर्फात जायचं तर सगळी सहल एकाच गोष्टीवर ठरते. धाकट्याला कोण धरणार? बर्फ चांगला की वाईट, हॉटेल महाग की स्वस्त, हे सगळं त्यानंतर. त्याचं उत्तर तुझ्या नवऱ्यानं आईवर ढकललंय. आणि तसं झालं नाही तर ते कोणावर येऊन पडणार, हे तुला पत्र लिहितानाच कळलेलं असणार. नाहीतर तू लिहिलंच नसतंस.

आधी त्या स्वित्झर्लंडच्या व्हिडिओंचं बघू, कारण बेत तिथून निघालाय. आल्प्समधल्या गावांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी स्कीइंगच्या चक्क बालवाड्या असतात. कुंपण घातलेली जागा, जेमतेम उतार, मुलांना वर नेणारा सरकता पट्टा, रंगीत कमानी, आणि दिवसभर मुलांनाच बघणारे शिक्षक. आईबाप सकाळी पोरं सोडतात आणि वरच्या उतारांवर निघून जातात. त्या व्हिडिओत हसणाऱ्या मुलांच्या मागे ही सगळी व्यवस्था उभी असते, ती फ्रेममध्ये येत नाही इतकंच. गुलमर्गची कीर्ती वेगळी आहे. जगभरचे पट्टीचे स्कीअर तिथे येतात ते वरच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी, त्यांच्या भाषेत 'पावडर'साठी. गोंडोला म्हणजे तिथला रोपवे. त्याचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली येणं हे नवशिक्याचं काम नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीअर गेले, आणि ते काही शिकाऊ नव्हते. तुमच्या कामाचं गुलमर्ग खालचं : बाजाराजवळचं, गोल्फच्या मैदानाच्या बाजूचं, जिथे उतार इतका हलका असतो की माणूस पडला तरी जागीच बसतो. हे नवऱ्याला आधीच सांग. नाहीतर पहिल्याच दिवशी त्याचा चेहरा पडेल आणि तो चेहरा तुम्हाला तीन दिवस सांभाळावा लागेल. साडेतीन वर्षांच्या मुलाबरोबर ते दुसरं मूल कोणाला झेपणार?

आता वय. सात हे फार छान वय आहे. मूल सूचना ऐकतं, उंची कमी असल्यामुळे पडतं तेही जवळूनच, आणि पडण्याची लाज अजून आलेली नसते. थोरलीला रोज सकाळी दीड-दोन तास शिक्षक लावा, लागोपाठ तीन दिवस. पहिल्या दिवशी ती नुसते जड बूट घालून बदकासारखी चालेल, आडवी आडवी पावलं टाकत चढेल, कुशीवर पडायला आणि उठायला शिकेल. दुसऱ्या दिवशी पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा स्कीचा त्रिकोण करून थांबायला शिकेल. मुलांना शिकवताना त्याला 'पिझ्झा' म्हणतात, आणि तो शब्द मुलांना एकदाच सांगावा लागतो. तिसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे बघत वीस-पंचवीस फूट सरळ खाली येईल, आणि हे सगळं कशासाठी केलं ते तुला कळेल. दुपारी परत शिकवणी लावायची नाही. दमलेलं मूल दुपारीच पडतं आणि दुपारीच त्याला लागतं.

साडेतीन वर्षांच्या मुलाला स्की बांधू नका. कोणी म्हणेल, आम्ही दोन वर्षांच्यालाही करवलंय. करवलं असेल, म्हणजे दोन्ही हात धरून फोटोपुरतं ओढलं असेल. त्याच्या पायांत अजून तेवढी ताकद नाही आणि सलग दहा मिनिटं लक्ष देण्याचं ते वयच नाही. त्याला एक फावडं, एक बादली आणि घसरगाडी द्या. तो कोणापेक्षाही जास्त खूश असेल. मात्र त्याचा बर्फातला मुक्काम एका वेळी अर्धा-पाऊण तास, मग आत, काहीतरी गरम, कोरडे मोजे, मग परत बाहेर. आणि नवऱ्यानं त्याला पाठीवर किंवा पोटाशी बांधून स्कीइंग करायचं नाही, अगदी सोप्या उतारावरसुद्धा नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण हा विचार हमखास सुचतो.

तिथले घसरगाडीवाले मागे लागतील. चिवट असतात. दर आधी ठरवा, किती वेळाचा ते ठरवा, मुलाला मांडीवर घेऊन तीव्र उतारावरून यायचं नाही असं स्पष्ट सांगा. आणि एकदा दर ठरला की परत घासाघीस नको. तो माणूस तुमचं पोर दोरीनं वर ओढत नेतो, त्या थंडीत. आपण पुणेकर तिथे पन्नास रुपयांसाठी जे तत्त्वज्ञान मांडतो ते मी स्वतः मांडलेलं आहे, त्यामुळे म्हणते.

श्वासाचा आणि न्यूमोनियाचा प्रश्न जरा नीट समजून घे, कारण तुझी आई अर्धी बरोबर आहे. थंडीनं न्यूमोनिया होत नाही, जंतूंनी होतो. पण मुलाला आधीच सर्दी-खोकला असेल आणि त्यात एकदम उंचावर नेलं, तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे निघायच्या आठवड्यात दोघांपैकी कोणाला ताप किंवा छातीत घरघर असेल तर सहल पुढे ढकलायची, तिकिटाचे पैसे गेले तरी. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, श्रीनगर १,५८५ च्या आसपास, गुलमर्ग २,६५० मीटर. उंचीचा त्रास साधारण अडीच हजारांच्या पुढे सुरू होऊ शकतो. म्हणजे गुलमर्ग त्या उंबरठ्याच्या जरासं आत आहे. सकाळी लोहगावहून विमान धरायचं आणि संध्याकाळी गुलमर्गला झोपायचं, हे लहान मुलांच्या बाबतीत करू नका. आधी दोन रात्री श्रीनगरला काढा. गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या दिवशी नुसतं इकडेतिकडे.

इथे माझी एक चूक सांगते. १९९८ च्या मे महिन्यात आम्ही मुलाला घेऊन मनालीला गेलो होतो, तो तेव्हा सहा वर्षांचा. मनालीत पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे रोहतांगला. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, रोहतांग जवळजवळ चार हजार. वाटेवर नंबर घातलेल्या दुकानांची रांग असते, तिथून केसाळ कोट आणि गमबूट भाड्यानं घेतले. पोराच्या पायात घरचे सुती मोजे, बूट दोन मापं मोठा, आत आदल्या गिऱ्हाइकाचं पाणी. वर पोचल्यावर तो किरकिर करायला लागला, खाईना, बर्फाला हात लावीना, मग ओकला. आम्ही सकाळच्या आलूपराठ्याला दोष दिला. खाली मनालीला येईपर्यंत तो चक्क खेळायला लागला होता, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. परत येऊन शेजारच्या डॉक्टरांना पराठ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'पराठा कशाला बदनाम करता, तो उंचीचा त्रास होता.'

लहान मूल 'माझं डोकं दुखतंय' असं म्हणत नाही. ते किरकिरं होतं, खायला नको म्हणतं, झोपत नाही, आवडत्या खेळाकडे बघत नाही. उंचीवर असताना याला आधी उंचीचाच त्रास समजायचं आणि खाली उतरायचं. गुलमर्गहून टंगमर्ग १३ किलोमीटर खाली आहे, ही तिथली मोठी सोय. नुसतं बसलेलं असताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गुंगल्यासारखं वाटत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली आणि डॉक्टरकडे. जाण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा दोघांना दाखव. उंचीवरची गोळी कोणी व्हॉट्सॲपवर सुचवली म्हणून मुलांना द्यायची नाही. धाकट्याला घेऊन गोंडोलाचा पहिला टप्पा केलात तर ठीक, तो कोंगदूरीपर्यंत, तीन हजारांच्या जरा वर जातो. थोडा वेळ बर्फात खेळा आणि उतरा. दुसरा टप्पा धाकट्यासाठी आणि सासूबाईंसाठी नाही. गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढून ठेव. आयत्या वेळी रांगेत उभं राहून मिळतील या भरवशावर राहू नको.

कोरड्या थंडीत तहान कळत नाही, म्हणून पाणी मागितल्याशिवाय पाजायचं, कोमट करून. खिशात राजगिऱ्याची वडी किंवा खजूर ठेव, चिक्की नको, थंडीत ती दगड होते. तुमच्या मेतकूटभाताची सोय हॉटेलच्या स्वयंपाकघरात बहुतेक होते. भात काय तिथे रोजचाच आहे, मेतकूट तेवढं तू ने.

आता कपडे. यावर बायका मला पानंच्या पानं लिहितात आणि सगळं पुण्याच्या थंडीच्या हिशेबानं. आपल्याकडे पारा दहावर आला की कानटोप्या बाहेर येतात. तिथे जानेवारीत रात्री उणे दहाच्या आसपास जाणं काही विशेष नाही. तरी जाड एकच कोट घेऊ नको. अंगाला लागून थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट आणि तशीच पँट. सुती काहीही नको, गंजीफ्रॉकपासून मोज्यांपर्यंत, आणि जीन्स तर सगळ्यात वाईट. सुती कापड घाम आणि बर्फ दोन्ही पितं आणि मग मूल आतून गार पडतं. मोज्यांचा एकच जोड घालायचा, लांब, लोकरीचा किंवा लोकरमिश्रित. दोन जोड घातले की स्कीच्या बुटात पाय आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. हे कोणाला पटत नाही, तुझ्या आईला तर नाहीच पटणार, पण तसंच आहे. कोरडे जोड मात्र भरपूर घे. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा नुसता अंगठा वेगळा असलेले मोजे जास्त ऊब देतात. आणि धाकट्याच्या हातमोज्यांना नाडी लावून ती बाह्यांतून ओवून टाक, नाहीतर पहिल्या तासात एक मोजा काश्मीरला दान होईल. मफलर नको. लोंबणारं टोक घसरगाडीत किंवा लिफ्टमध्ये अडकू शकतं. गळ्यात चढवायची बंद पट्टी मिळते, ती घे. हे सगळं आपल्या डेकॅथलॉनमध्ये मिळेल. एक मैत्रीण शोध जिच्या मुलांना मागच्या वर्षीचे कपडे आता होत नाहीत.

गॉगल दोघांनाही, फॅशन म्हणून नव्हे. उंची दर हजार मीटरनं वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. म्हणजे ऊन वरून आणि खालून. डोळे चुरचुरून रात्री उघडेनासे होतात. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली विसरू नको. थोरलीला शिकताना हेल्मेट हवंच, स्कीचं हवं, सायकलचं नव्हे. स्की, बूट, हेल्मेट तिथे भाड्यानं मिळतात, पण लहान मुलांची मापं मिळतील का हे बुकिंगच्या आधी फोन करून विचार. बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं, तेव्हा पाऊल कागदावर ठेवून मोज. थोरलीच्या हनुवटीपर्यंत येईल एवढी स्की पुरे, जास्त लांब नको. आणि स्की बुटाला जिथे अडकते तो खटका मुलाच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट करावा लागतो, म्हणजे पडल्यावर स्की पायातून सुटते. दुकानदारानं वजन विचारलंच नाही तर तू सांग आणि तो फिरवतो की नाही ते उभं राहून बघ. न सुटणारी स्की गुडघा पिळते.

शूचं राहिलं. हा विषय पुस्तकांत नसतो. तीन थर, गळपट्टी, हातमोजे, वरून डांगरी पँट असा जामानिमा झाला की साडेतीन वर्षांचा माणूस अत्यंत गंभीर चेहऱ्यानं 'आई, शू' म्हणतो. काढायला दहा मिनिटं, घालायला पंधरा. बाहेर पडण्याआधी बसवणं, एकच अखंड सूट न घेता वर-खाली सुटे कपडे घेणं, आणि चार दिवस पुन्हा डायपर घातला तर घालू देणं. तिसऱ्या वर्षी डायपर सुटल्याचा अभिमान गुलमर्गला मिरवायची गरज नाही.

खोली ठरवताना गरम कशानं करतात ते विचार. लाकडाची बुखारी, म्हणजे खोली गरम करायची पत्र्याची शेगडी, असेल तर तिचं धुराडं नीट आहे का बघ. बुखारी, कोळशाची कांगडी किंवा गॅसचा हीटर, काहीही पेटतं ठेवून खोली गच्च बंद करून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. खिडकीची फट ठेवा. बुखारीचा पत्रा तापतो, धाकट्याला पहिल्याच संध्याकाळी लांबून दाखवून 'हाय' आहे हे सांग.

कधी जायचं? मे महिन्यात स्कीइंग नाही, वर कुठे उरलेला बर्फ बघून यायचा एवढंच. नाताळात बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग चक्क मातकट आणि पिवळं दिसत होतं. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ पुरेसा नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. शिवाय २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथला सगळ्यात कडक थंडीचा काळ, त्याला काश्मिरी लोक 'चिल्लई कलाँ' म्हणतात. म्हणजे नाताळात थंडी पूर्ण, बर्फाची खात्री अर्धी, आणि विमानाचं तिकीट दुप्पट. फेब्रुवारीचा मधला आठवडा बघ. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी आणि एक शनिवार-रविवार धरला तर दुसरीतल्या मुलीची पाच दिवसांची शाळा बुडते, एवढंच. नवऱ्याच्या वाया जाणाऱ्या सुट्ट्यांचं काय? त्या डिसेंबरात घरी घालवू दे. सकाळी थोरलीला घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढू दे, संध्याकाळी सोसायटीत तिच्याबरोबर स्केट्स घालू दे. चाकांवर तोल सांभाळता आला तर स्कीवर निम्मं काम होतं. आणि त्याचे स्वतःचे गुडघे कोणत्या अवस्थेत आहेत ते त्याला इथेच कळेल. स्कीइंगमध्ये बापाच्या वयाचे लोकही दुखावतात, पहिला धडा झाल्यावर आपल्याला येतं असं वाटलेले. प्रवासविमा घ्याल तेव्हा त्यात हिवाळी खेळ वगळलेले नाहीत ना, हे बारीक अक्षरात वाच.

औली मला स्वतःला आवडतं, समोर नंदादेवी उभी असते. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर घाट आहे, पूर्ण दिवस, आणि ओकणारं पोर. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवेही बंद पडला. गढवाल मंडल विकास निगमचे तिथले सात आणि चौदा दिवसांचे कोर्स चांगले आहेत, थोरली कॉलेजात जाईल तेव्हा पाठव. सोलांग मनालीपासून जवळ आहे, बर्फात लोळायला ठीक, शिकायला गर्दी फार.

आता पहलगाम. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या पुण्यातली होती. तुमच्या घरातली शांतता मला कळते, तेव्हा इथल्या अनेक घरांत ती होती. 'काही होत नाही, जा' असं मी तुला लिहिणार नाही. तसं लिहिण्याचा मला अधिकार नाही. जाण्याआधी सरकारी सूचना बघा, जे बंद आहे तिथे स्थानिक माणूस 'मी नेतो' म्हणाला तरी जाऊ नका, मुक्काम आणि गाडीचे तपशील इथे कोणाजवळ तरी ठेवा. तरीही मन मानत नसेल तर यंदा सोलांगला जा. स्कीइंग कमी होईल, पण भीती पोटात घेऊन मुलांना बर्फ दाखवण्यात काही मजा नाही. हे ठरवायला मात्र सगळ्यांनी एकदा बसून बोला. गप्प बसून घेतलेला निर्णय प्रवासात प्रत्येक वळणावर भांडणात निघतो.

गुलमर्ग ठरलं तर आठ दिवस : दोन रात्री श्रीनगर, चार गुलमर्ग, परतीच्या आदल्या रात्री पुन्हा श्रीनगर. बर्फ पडला की टंगमर्गच्या वर साधी गाडी जात नाही, साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेली घ्यावी लागते, आणि त्यात वेळ जातो. श्रीनगरला विमानं धुक्या-बर्फानं रद्द होतात, आणि तिथल्या विमानतळावर तपासण्या इतक्या की तीन तास आधी पोचावं. लहान मुलांचं एकेक जोड कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड चालतं. नवऱ्याचं ऑफिसचं असेल, तुझं बघ.

म्हणजे चार मुक्कामांत तीन सकाळी. पहिल्या सकाळी थोरलीजवळ नवरा, धाकट्याजवळ तू. दुसऱ्या सकाळी उलट, आणि तू स्वतः स्की बांधायची, शिक्षक लावून. तुझ्या पत्रात कपड्यांवर, श्वासावर, वयावर लिहिलंस, पण मलाही शिकायचंय की नाही याचा एक शब्द नाही. नसेल शिकायचं तर नको, उन्हात खुर्ची टाकून कहवा पी, पण तेही तुझ्या पाळीत. तिसऱ्या सकाळी पुन्हा नवऱ्याकडे थोरली, दुपारी तुम्ही दोघं एक तास एकत्र, आणि त्या तासापुरतं सासूबाईंना विचारा, जमेल का म्हणून. एक तास. खोलीत, गोष्टी सांगत. बाहेर बर्फावर पळणाऱ्या नातवामागे नव्हे. ६७ व्या वर्षी उंचीपेक्षा घसरून पडण्याची भीती जास्त असते, खुब्याचं हाड मोडलं तर ती सहल कोणीच विसरणार नाही. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या हातातल्या पिशवीत.

आणि सासूबाई रात्री व्हिडिओ बघतात ना, त्यांना एकदा नुसतं विचार, 'आई, तुम्हाला यायचंय का?' धाकट्याचं नाव न घेता. नवऱ्यानं नाही, तू विचार. त्या पुन्हा म्हणतील, 'मी कशाला.' मग फार आग्रह करत बसू नको. मुलांची पावलं कागदावर मोजायला घेशील तेव्हा त्यांच्यासमोरही एक कागद ठेव. न घसरणारे बूट त्यांनाही लागतील.